घाटमाथ्यावरचा शेजारी
(महोत्सवाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने आपल्याच धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, असा प्रघात आहे. ते काम या सभेत आमच्यापेक्षा अधिकारी माणसांनी उत्तम प्रकारे केले आहे. तेव्हा आपल्या परवानगीने आम्ही आज शेजाऱ्याच्या घरात डोकावणार आहोत. हा शेजारी म्हणजे बोरघाटाच्या रेल्वेबरोबर या डोंगरात आलेली आणि लोणावळ्यासारख्या लहान गावी रुजलेली मेथडिस्ट मंडळी. आपली व त्यांची ओळख दीडशे वर्षांची. परंतु बोलणेचालणे मात्र अलीकडचे. असे का झाले, हेही सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रारंभ कोंडाण्यापासून करू. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली आहेत. निदान पावसाळ्यात तेथे जाणाऱ्या मुंबईकरांस वाट तरी दाखविली आहे. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एका भग्न मूर्तीचे मस्तक आहे व त्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक लहानसा लेख आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा अर्थ. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते काम. राजा कोण होता, खर्च किती आला, यांतले काही लेखात नाही. करणाऱ्याचे नाव आणि त्याच्या गुरूचे नाव, एवढे मात्र राहिले.

त्याच लेण्यापुढे उभे राहून उल्हास नदीच्या खोऱ्यापलीकडे पाहिले म्हणजे समोरच्या डोंगरातून घाट चढणाऱ्या आगगाडीचा आवाज येतो. तेही डोंगर फोडून केलेलेच काम. पळसदरीपासून सुमारे १६ मैलांत हा मार्ग १८३१ फूट चढतो. जेथे चढ सर्वांत कठीण आहे तेथे ३७ फुटांमागे १ फूट. त्यासाठी २५ बोगदे व ८ मोठे कमानी पूल बांधावे लागले. १८५६ मध्ये फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराने काम हाती घेतले. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे मजुरांचा दंगा झाला व त्याच वर्षी त्याने काम सोडले. पुढे सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट आपल्या नावावर चालवून तडीस नेले, ही गोष्ट आपल्या मुलींना शाळेत अवश्य सांगण्यासारखी आहे. १८६१ च्या सुमारास घाटात सुमारे ४२,००० माणसे राबत होती. पटकीने व तापाने त्यांतली किती गेली याचे अंदाज आहेत, नावे नाहीत. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट वाहतुकीस खुला झाला. बलकाचे नाव राहिले. या हजारोंतले एकही राहिले नाही.

घाट झाला आणि त्याबरोबर एक नव्याच प्रकारची वस्ती जन्मास आली. चढावर गाडी ढकलावयास मागून जादा इंजिने लावावी लागत. ती इंजिने, त्यांची दुरुस्ती, कोळसा, पाणी, आणि या सर्वांवर राबणारी माणसे घाटाच्या वर व खाली जमली. लोणावळ्यास रेल्वेचा इंजिन-कारखाना आला. ड्रायव्हर व गार्ड बहुधा इंग्रज किंवा युरेशियन, ज्यांस आपण पुढे अँग्लो-इंडियन म्हणू लागलो. कारकुनीत व स्वयंपाकघरांत गोव्याकडील आपले कॅथॉलिक बांधव. आणि रुळावर, कोळशावर, सांधे बदलण्यावर या मावळातली व कोकणातली मराठी माणसे. सरकारी गॅझेटिअरात लोणावळ्याच्या वर्णनात प्रॉटेस्टंट व रोमन कॅथॉलिक अशी दोन्ही प्रार्थनामंदिरे, रेल्वेची शाळा आणि सहकारी भांडार यांचा उल्लेख एकाच दमात येतो. गॅझेटिअर लिहिणाऱ्या साहेबास त्यात काही विशेष वाटले नाही. आमच्या आजोबांच्या पिढीस मात्र त्या दोन मंदिरांमधले अंतर घाटापेक्षा मोठे वाटे.

आता हे मेथडिस्ट कोण, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण आपल्याकडे सर्व प्रॉटेस्टंटांस एकाच नावाने ओळखण्याची सवय आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन वेस्ली नावाचा एक अँग्लिकन धर्मगुरु होऊन गेला. १७२९ पासून ऑक्सफर्ड येथे तो व त्याचे मित्र इतक्या नियमाने प्रार्थना, उपवास, तुरुंगभेट व अभ्यास करीत, की इतर विद्यार्थ्यांनी थट्टेने त्यांस ‘पद्धतवाले’ म्हणजे मेथडिस्ट म्हणावयास सुरुवात केली. थट्टेचे नाव पुढे पंथास चिकटले. वेस्लीस नवा पंथ काढावयाचा नव्हता. १७९१ साली तो मरण पावला तो अँग्लिकन धर्मगुरु म्हणूनच.

त्याने जी एक गोष्ट निर्माण केली तिच्यावर आम्हांस थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण लहान गावच्या मेथडिस्ट मंडळीचे मर्म तीत आहे. ब्रिस्टल येथे प्रार्थनागृह बांधले आणि त्याचे कर्ज डोक्यावर बसले. १७४२ च्या फेब्रुवारीत ते फेडण्याचा विचार करण्यास सभा भरली. फॉय नावाच्या एका नौकाकप्तानाने सुचविले, की प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी. कोणी म्हणाले, पुष्कळांस तेवढेही जमणार नाही. त्यावर कप्तान म्हणाला, की अत्यंत गरीब अशी अकरा माणसे माझ्याकडे सोपवा; दर आठवड्यास मी त्यांच्या घरी जाईन, ज्यास देता येईल तो देईल, ज्यास येणार नाही त्याचे मी भरीन. अशा रीतीने बारा-बारांचे वर्ग पडले. पेनी गोळा करावयास घरोघर गेलेल्या पुढाऱ्यांस कोण आजारी आहे, कोण पुन्हा पिऊ लागला आहे, कोणाच्या घरी भांडण आहे, हे दिसू लागले. कर्ज फिटले असेल तेव्हा फिटो. वर्ग मात्र राहिले. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, तर दर आठवड्यास एकमेकांच्या दारात उभी राहणारी बारा माणसे, ही कल्पना एका कर्जापोटी जन्मली! आपल्या बांधकाम-समितीच्या सभासदांनी हे लक्षात ठेवावे.

ही पद्धत आपल्या मुलखात आणली ती विल्यम टेलर या अमेरिकन उपदेशकाने. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली असता सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यात उभे राहून उपदेश करणारा हा धिप्पाड गृहस्थ १८७० च्या अखेरीस हिंदुस्थानात उतरला व १८७१ च्या नोव्हेंबरात मुंबईस आला. प्रथम त्याने अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत, दुभाष्याच्या द्वारे, मराठी लोकांपुढे उपदेश केला. तेथे फारसे फळ दिसेना, म्हणून तो इंग्रजी बोलणाऱ्या युरेशियन व युरोपियन लोकांकडे वळला. तेथे मात्र उत्साहाची लाट उठली. घरोघर लहान लहान प्रार्थनामंडळे जमू लागली आणि १८७२ च्या फेब्रुवारीत त्या लोकांनी, आमची स्वतंत्र मंडळी करा, असे टेलरास लेखी विनविले. मुंबईतील मेथडिस्ट मंडळीचा हा जन्म.

त्यास पुढल्या वर्षी जो सहकारी मिळाला त्याचे नाव जॉर्ज बोवेन. हा १८४८ पासून मुंबईत होता. आल्यावर थोड्याच काळात त्याने मिशनचा पगार नाकारला आणि बाजारवस्तीतल्या एका साध्या खोलीत गरिबांमध्ये राहून ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालविले. १८८८ साली त्याचा अंत होईपर्यंत हा क्रम चालला. आपल्या कानांवर संतांच्या दारिद्र्याच्या कथा नित्य येतात. तशी एक कथा आपल्या राजधानीच्या बाजारात, आपल्या पंथाबाहेर, चाळीस वर्षे घडत होती. मुंबईतील बोवेन मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचे.

मुंबईहून घाटावर ही चळवळ गेली ती रेल्वेने. अमेरिकेत मेथडिस्ट उपदेशक घोड्यावर बसून गावोगावची फेरी करीत, तिला ते सर्किट म्हणत. येथे घोड्याचे काम आगगाडीने केले. १८७२ मध्ये टेलर पुण्यास गेला. तेथे डॅनियल फॉक्स या तरुण पाळकाने काम सांभाळले. आरंभीच्या नेमणुकांत पुण्याबरोबर लोणावळ्याचे नाव येते, ते याच कारणाने. मुंबईत एखाद्या सभेत मन पालटलेला फायरमन बदली होऊन घाटात आला, की आपल्या क्वार्टरमध्ये चार शेजारी जमवी. झाला वर्ग सुरू. पाळक महिन्या-पंधरवड्याने येई. मधल्या काळात वर्गाचा पुढारी, जो दिवसा इंजिनावर असे, तोच सर्वांची विचारपूस करी. पुण्यास फॉक्स यांच्या सभेत असाच एक तरुण सरकारी मोजणीदार सहज कुतूहलाने शिरला. त्याचे नाव विल्यम ओल्डहॅम. पुढे १८८६ मध्ये याच ओल्डहॅमने सिंगापुरात अँग्लो-चायनीज स्कूल स्थापिले. पुण्यातील ओल्डहॅम चर्च पाहताना ही गोष्ट स्मरावी.

टेलरचा एक आग्रह विलक्षण होता. उपदेशकाच्या प्रवासाचा खर्च अमेरिकेने द्यावा; परंतु तो येथे पोहोचल्यावर त्याचे जेवणखाण, घरभाडे, प्रार्थनामंदिर, सर्व काही येथील मंडळीने आपल्या कमाईतून चालवावे. परक्यांच्या पैशावर उभी राहिलेली मंडळी सदैव मूलच राहते, असे त्याचे मत. हे मत आम्हांस पटते. तथापि त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ड्रायव्हर-गार्डांस पाळक पोसता येत होता. रुळावर घण मारणाऱ्या मराठी गड्यास येत नव्हता. म्हणून जेथे पगार तेथे पाळक, आणि जेथे पाळक तेथे इंग्रजी उपासना, असा प्रकार झाला. मराठी लोकांसाठी म्हणून मुंबईत उभा राहिलेला उपदेशक इंग्रजी मंडळी देऊन गेला. टेलर १८७५ साली हिंदुस्थान सोडून गेला. मराठी काम हळूहळू व पुष्कळ नंतर वाढले. त्यास १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत पोरकी झालेली मुले सांभाळण्याचे निमित्त झाले. घाटाच्या वर तळेगाव दाभाडे येथे मेथडिस्ट स्त्रियांनी मुलींची शाळा चालविली, ती याच परंपरेतली.

रेल्वेगावच्या मंडळीत शिस्त कडक असे. मद्य वर्ज्य, इतके, की प्रभुभोजनातही न आंबविलेला द्राक्षरस वापरण्याची चाल त्यांच्यात पडली. तो रस बाटलीत टिकविण्याची युक्ती १८६९ मध्ये काढणारा टॉमस वेल्च हाही अमेरिकेतला एक मेथडिस्टच. घाटात उतरणीवर गाडीचे ब्रेक सांभाळणाऱ्याने शुद्धीवर असणे किती अगत्याचे, हे येथील लोकांस निराळे सांगावयास नको. परंतु या मंडळीपुढची खरी अडचण बाटली नव्हती. ती होती बदली. आज वर्गाचा पुढारी लोणावळ्यास, तर पुढल्या वर्षी इगतपुरीस, त्याच्या पुढे भुसावळास. बाप्तिस्मा एका गावी, लग्न दुसऱ्या, दफन तिसऱ्या. अशा मंडळीचा इतिहास एका गावच्या वहीत सापडत नाही. तो त्या लोहमार्गावरील सर्व गावांच्या वह्यांत विखुरलेला असतो, आणि पुष्कळदा कोणाच्याच वहीत नसतो.

येथे आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या आजोबांची एक धाकटी बहीण होती. घाटातील एका गावी, जेथे आजोबा कामास होते, तेथल्या एका मेथडिस्ट गार्डाशी तिने लग्न केले, तेही त्याच्या प्रार्थनामंदिरात. आपणांस ठाऊक असेल, की १९०७ साली रोमहून विवाहासंबंधी एक हुकूम निघाला व १९०८ च्या ईस्टरपासून अमलात आला. कॅथॉलिक माणसाचा विवाह धर्मगुरु व दोन साक्षी यांच्यासमोर झाला नाही, तर तो विवाहच नव्हे, असे त्याने ठरले. नियमाचा हेतू चोरटी लग्ने थांबविण्याचा होता. परंतु रेल्वेच्या चाळीत, जेथे दोन पंथांच्या भिंतींस एकच चूल लागे, तेथे तो सुरीसारखा फिरला. पणजोबा लग्नास गेले नाहीत. पुढे मुले झाली, तीही पाहिली नाहीत. रात्रीच्या रोझरीनंतर घरातील सर्वांची नावे घेऊन प्रार्थना होई, त्यांतून तिचे नाव गाळले गेले. ती बाळंतपणात वारली. त्या गावी दफनभूमीचे दोन भाग होते, मध्ये कमरेइतकी भिंत. मृतांच्या दिवशी, २ नोव्हेंबरास, आमचे कुटुंब अलीकडच्या बाजूस मेणबत्त्या लावी. आजी मात्र सर्वांच्या मागे राही आणि सर्व पुढे गेले म्हणजे भिंतीवरून हात लांब करून पलीकडे एक मेणबत्ती ठेवी. आजोबांनी ते पाहिले होते काय, हे आम्हांस ठाऊक नाही. त्यांनी ते कधी बोलून दाखविले नाही आणि आजीस मनाईही केली नाही.

कठोरपणा एकाच बाजूचा होता असे कोणी समजू नये. मेथडिस्ट उपदेशकही आपल्या माळेस व मूर्तींस उद्देशून जे बोलत ते काही प्रेमाचे नव्हते. दुःख याचे वाटते, की दोन्ही बाजूंस आपल्याच घरातले कागद वाचण्याची सवड झाली नाही. १७४९ साली डब्लिनमध्ये वेस्लीने एका रोमन कॅथॉलिकास उद्देशून एक पत्र छापले. आपला विश्वास काय आहे तो त्याने त्यात मुद्देसूद मांडला, तुमचाही पुष्कळ अंशी हाच नव्हे काय असे विचारले, आणि मते जुळत नसली तरी एकमेकांस इजा करू नये, एकमेकांविषयी वाईट बोलू नये, असे सुचविले. आमच्या आत्याआजीच्या लग्नाच्या वेळी ते पत्र दीडशे वर्षांचे जुने होते. ते ना गार्डाच्या पाळकाने वाचून दाखविले, ना आमच्या पणजोबांस कोणी सांगितले.

यानंतरचा काळ झपाट्याने पालटला. १९२९-३० च्या सुमारास कल्याण ते पुणे मार्ग विजेवर गेला, गाडीची दिशा उलटविण्याचे ते जुने रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडले आणि घाटातून वाफेच्या इंजिनांचे राज्य संपत गेले. इंजिनांबरोबर त्यांची माणसेही गेली. १९४७ नंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व कॅनडा येथे निघून गेली. ज्यांच्या पगारावर टेलरची स्वावलंबी मंडळी उभी राहिली होती ते आधार असे सुटले. मंडळी मात्र सुटली नाही, कारण मागच्या बाकांवर बसणारे लोक तेथेच होते: मराठी बोलणारे, ज्यांच्यासाठी टेलर प्रथम बोलावयास उभा राहिला होता ते.

एका रविवारी आम्ही या लोहमार्गावरील अशाच एका मंडळीच्या उपासनेस मागच्या बाकावर बसलो. लहानपणी ज्या दारावरून जाताना आमचा हात धरून आम्हांस पुढे ओढीत नेत, त्या प्रकारचे ते दार. उपासना मराठीत होती. नारायण वामन टिळकांची गीते पेटी-तबल्यावर गाइली जात होती. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये, मेथडिस्टांत नव्हे. पण मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गाण्यास पंथ आडवा येत नाही. सुमारे चाळीस माणसे होती. पाळकसाहेबांनी वर्गणीचा हिशेब वाचला. गळक्या छपराचा खर्च, जमलेली रक्कम, आणि राहिलेली तूट. ब्रिस्टलच्या कप्तानाची आठवण आम्हांस तेथे झाली. सभेनंतर एका वृद्ध बाईंनी विचारले, “तुम्ही कोणत्या मंडळीचे?” आम्ही सांगितले. त्या म्हणाल्या, “मग चहा घेतल्याशिवाय कसे जाणार?”

मोठ्या जगातही काही गोष्टी घडल्या, त्या थोडक्यात सांगतो. १९७० साली नागपूर येथे उत्तर हिंदुस्थानातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे ऐक्य झाले. ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट त्यात गेले. टेलरच्या परंपरेचे, म्हणजे आपले हे शेजारी, अखेरच्या क्षणी बाहेर राहिले, आणि १९८१ पासून ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त आहेत. आपल्या बाजूस १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा हुकूमनामा काढला, १९६७ पासून मेथडिस्टांशी नियमित संवाद सुरू झाला, आणि १९७० साली मिश्रविवाहांचे नियम सौम्य झाले. आता योग्य परवानगी घेऊन असा विवाह त्यांच्या प्रार्थनामंदिरातही वैध रीतीने होऊ शकतो. आमची आत्याआजी साठ वर्षे आधी जन्मली, एवढाच तिचा अपराध. २००६ साली सेऊल येथे जागतिक मेथडिस्ट परिषदेने, कॅथॉलिक व लूथरन यांनी १९९९ मध्ये केलेल्या करारास आपली संमती दिली. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, याविषयीचा तो करार. ज्या प्रश्नावर चारशे वर्षे भांडण झाले त्यावर तिन्ही पक्षांच्या सह्या एका कागदावर आल्या.

आता एक विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवह्यांची प्रत करण्याचे काम तरुण मंडळींनी महोत्सवानिमित्त हाती घेतले आहे. त्यांत जुन्या रेल्वे-कुटुंबांची काही पाने अर्धवट आहेत: बाप्तिस्मा आहे, पुढे काहीच नाही. त्यांतली काही माणसे शेजारच्या वहीत सापडतील, असा आमचा तर्क आहे. पाळकसाहेबांनी त्यांच्या वह्या पाहू देण्याचे कबूल केले आहे. ज्यांच्या घरी घाटातील नोकरीचे जुने दाखले, लग्नाचे कागद किंवा फोटो असतील, मग ते कोणत्याही प्रार्थनामंदिरातले असोत, त्यांनी सभा संपल्यावर व्हरांड्यातील टेबलाशी नावे द्यावीत. आमच्या आत्याआजीचे नाव आम्ही पहिल्या ओळीत लिहून ठेवले आहे.